खाडीत मेलेले मासे दिसले की आधी घड्याळ बघा

सकाळी सकाळी खाडीच्या काठाला मेलेल्या माशांचा खच दिसला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कोणीतरी व्हिडिओ काढतं, तो तासाभरात सगळ्या ग्रुपवर फिरतो, दुपारपर्यंत "रात्री वरच्या फॅक्टरीने केमिकल सोडलं" हे लहान पोरांनाही पाठ झालेलं असतं, आणि सॅम्पल घ्यायला माणूस पोचेपर्यंत एक भरती येऊन गेलेली असते. म्हणजे ज्या पाण्यात मासे मेले ते पाणी तिथे उरलेलंच नसतं. मग रिपोर्ट येतो की पाणी नॉर्मल आहे, लोक म्हणतात रिपोर्ट मॅनेज केला, भांडणं होतात, आणि बऱ्याचदा गंमत अशी की रिपोर्ट खरा असतो, फक्त तो दुसऱ्याच पाण्याचा असतो.

मला असे फोटो बरेच येतात, खाली एकच प्रश्न, कशाने मेले असतील? नुसत्या फोटोवरून नाही सांगता येत हो. पण फोटोसोबत वेळ असेल, भरती होती की ओहोटी, उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) होतं की भांग (अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती), आदल्या रात्री पाऊस झाला का, वारा कुठून होता, एवढं असेल तर निम्मं काम झालं समजा. म्हणून पहिलं काम हे लिहून ठेवणं, व्हिडिओ काय नंतरही काढता येतो.

बहुतेक वेळा गुन्हेगार असतो ऑक्सिजन, म्हणजे त्याचं नसणं. पाण्यात ऑक्सिजन मुळातच तुटपुंजा असतो आणि पाणी जितकं गरम आणि खारट तितका तो कमी मावतो. २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात, आणि तेच पाणी समुद्राइतकं खारं असेल तर ६ च्या जरा वर. ५ च्या खाली आलं की माशांना त्रास सुरू होतो, २ च्या खाली पळता येईल तो पळतो नाहीतर मरतो. म्हणजे उन्हाळ्यात खाडीतला मासा तसाही काठावरच जगत असतो. त्यात पाण्यात शैवाल माजलेलं असेल तर दिवसा ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळ्यांसारखं तेही श्वास घेतं, त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. आता कळलं का, एवढे मासे नेमके रात्रीतच का मरतात ते? रात्री कोणी व्हॉल्व्ह उघडलाच नसेल असं मी म्हणत नाही, पण रात्री मेले म्हणजे व्हॉल्व्हच उघडला हेही सिद्ध होत नाही.

शिवाय खाडीचं म्हणून एक वेगळं आहे. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, समुद्राचं खारं पाणी जड, ते खालून आत घुसतं, आणि भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो तेव्हा हे दोन थर नीट मिसळतच नाहीत. खालच्या थरातला ऑक्सिजन गाळात कुजणाऱ्या गोष्टी खाऊन टाकतात, वरून नवा येत नाही. अशा वेळी तळाचे खेकडे, कोळंबी आधी काठाकडे सरकतात. अमेरिकेत अलाबामामधल्या मोबाईल बे मध्ये उन्हाळ्यात पहाटे असं होतं, खालचं बिनऑक्सिजनचं पाणी काठाकडे ढकललं जातं आणि मासे-खेकडे उथळ पाण्यात गोळा होतात, तिथले लोक त्याला 'ज्युबिली' म्हणतात आणि बादल्या घेऊन धावतात. कोणाची ज्युबिली ते विचारू नका.

माशांकडे बघूनही बरंच कळतं. मरायच्या आधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वर करून हवा ओढत होते का, हे ज्याने पाहिलं असेल तो माणूस सोन्यासारखा, त्याला सोडू नका. ऑक्सिजन गेला असेल तर साधारण मोठे मासे आधी जातात, आणि मेलेल्यांची तोंडं उघडी, कल्ले फाकलेले असतात. लहानमोठे, सगळ्या जातींचे, एकदम गेले आणि जगलेले वेड्यासारखे गिरक्या घेतायत, तर विषाचा संशय घ्यायला जागा आहे. एकाच जातीचे मेले आणि बाजूला बाकीचे मजेत फिरतायत, तर रोगाकडे बघा. हे सगळे ठोकताळे आहेत, पुरावा नाही, पण लॅबला नेमकं काय तपासायला सांगायचं ते यावरून ठरतं. "सगळं तपासा" म्हणून पाठवलेल्या बाटलीत सहसा काहीच सापडत नाही.

अजून एक. मेलेला मासा बऱ्याचदा आधी बुडतो, कुजून पोटात गॅस झाला की मग वर येतो. म्हणजे आज फुगून तरंगणारा मासा कालचा किंवा परवाचा असू शकतो आणि मेला दुसरीकडेच असेल, भरती-ओहोटीने तो इथे आणून टाकला. तपासणीला असा मासा बिनकामाचा. शेवटचे श्वास घेणारा किंवा नुकताच मेलेला, कल्ले अजून लालसर असलेला, असा हवा. तो फॉइलमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवायचा. फ्रीझरमध्ये टाकायच्या आधी लॅबला फोन करा, कारण विष शोधायचं असेल तर गोठवलेला चालतो पण कल्ल्यांचं पेशींचं काम बघायचं असेल तर गोठवल्याने सगळं फुटून जातं.

पाण्याचं सॅम्पल तिथलं, प्रवाहाच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं, तिन्ही ठिकाणचं घ्या, आणि शक्य असेल तर तळाजवळचंही. ऑक्सिजनची बाटली काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरायची. मीटर नसेल तर १८८८ पासून चालत आलेली विंकलर पद्धत आहेच, कॉलेजच्या लॅबमध्येही होते. बाटलीत मँगनीज सल्फेट टाकायचं, मग अल्कलीवालं आयोडाइड, बूच लावून उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी गोळे धरतात आणि हळूहळू खाली बसतात. नसेल तर पांढरेच राहतात. पहाटेच्या खाडीच्या पाण्यात ते पांढरे राहिलेले बघितले ना की आकडा यायची वाट बघावी लागत नाही. कीटकनाशकाचा संशय असेल तर मात्र काचेची बाटली घ्या, पिण्याच्या पाण्याची रिकामी प्लास्टिकची नको.

आता फॅक्टरी. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. आधी पाऱ्याची बोंब झाली, पोलंड सरकारने गुन्हेगार शोधून देणाऱ्याला १० लाख झ्लॉटीचं बक्षीस लावलं, दोन मोठे अधिकारी घरी गेले. निघालं काय तर प्रिम्नेशियम पार्व्हम नावाचं सोनेरी शैवाल, जे एरवी मचूळ, म्हणजे थोड्या खारट पाण्यात वाढतं आणि ज्याचं विष माशाचे कल्ले निकामी करतं. ते नदीत कसं आलं? नदीच मचूळ झाली होती, खाणी आणि उद्योगांचं खारं पाणी, वर उष्णता आणि आटलेला प्रवाह. म्हणजे उद्योग सुटले नाहीत, पण लोक शोधत होते एका रात्रीचं विष आणि प्रकरण होतं रोजच्या मिठाचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को बे मध्ये हेटेरोसिग्मा शैवाल माजून मासे मेले, मोठमोठे स्टर्जनसुद्धा, तिथे शैवालाला खत मिळालं ते ३७ सांडपाणी केंद्रांतून येणाऱ्या नायट्रोजनचं. म्हणजे सगळ्या शहराचंच. २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने १० वर्षांत तो नायट्रोजन ४० टक्के कमी करा असा आदेश काढला. त्यासाठी बोट दाखवायला एक पाईप मिळाला नाही, वर्षानुवर्षांची मोजमापं होती म्हणून जमलं.

बाकी नेहमीचं, मासे उचलून घरी नेऊ नका, कुत्र्यांना लांब ठेवा, हात लावायचा तर ग्लोव्हज घाला, आणि काठावर उभं राहून घसा खवखवायला लागला तर निघा तिथून, काही शैवालांचं विष फवाऱ्यातून हवेतही येतं. कुजणारे मासे उरलासुरला ऑक्सिजन खातात म्हणून ते लवकर काढावेतच, पण मोजून झाल्यावर. काठाचा एक तुकडा आखायचा, त्यातले जातवार मोजायचे, बाजूला पट्टी ठेवून फोटो, मग सगळ्या काठात असे किती तुकडे बसतात त्याने गुणायचं. जेसीबी येऊन खड्डा खणला की हा आकडा गेला.

आणि तुमच्याकडच्या प्रदूषण किंवा मत्स्य खात्याचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा शेवटच्या पानावरच्या निष्कर्षाआधी पहिल्या पानावर सॅम्पलची वेळ शोधा. मग त्या दिवसाचं भरतीचं टेबल काढा आणि मेल्यापासून सॅम्पलपर्यंत मध्ये किती भरत्या गेल्या ते मोजा. वेळ लिहिलेलीच नसेल तर लेखी मागा. "आढळले नाही" असं असेल तर त्या लॅबला कमीत कमी किती प्रमाण मोजता येतं तेही मागा. पुढचे काही दिवस पहाटेचा ऑक्सिजन कोण मोजणार आहे, हाही प्रश्न त्याच पत्रात टाका.