बगळ्याच्या मानेची बोटं

भाद्रपद शुद्ध द्वितीया, रात्रीचे साडेअकरा

मुंबईची मंडळी आज सकाळी कोकणकन्या गाडीने आली. घर भरलं. पडवीत बॅगा, पायरीशी चपलांचा ढीग, आणि दिवेलागणीला सगळी पोरं खळ्यात गोल करून बसलेली. मी आत आडाळ्यावर नारळ खवत होते. तेवढ्यात बाहेरून "दाखव ना, परत दाखव ना" असं ऐकू आलं आणि माझा हात तिथल्या तिथे थांबला.

बाहेर येऊन पाहिलं तर लेक मधोमध बसलेली. उजवा अंगठा आत वाकवून मनगटाला टेकवलेला. मग करंगळी उलटी, काटकोनाच्याही पलीकडे. पोरं ओरडत होती. तिच्या तोंडावरचा आनंद मला पुरता कळत होता. अकरा वर्षांची आहे ती. मुंबईच्या भावंडांकडे मोबाईल, पोहण्याचे क्लास, मॉलच्या गोष्टी. आणि हिच्याकडे ही बोटं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने "अजून जातं का बघू" म्हणत तिची करंगळी धरून मागे रेटली. ती किंचाळली. त्याला वाईट वाटलं, रडवेला झाला बिचारा. त्याला काय माहीत!

मी कोणाला रागावले नाही. तिला मागच्या दारी नेलं, करंगळीला शेजारच्या बोटाचा आधार देऊन चिकटपट्टी लावली आणि जवळ घेतलं. "आई, पण ते सगळे हसत होते, चांगले हसत होते," ती म्हणाली. मला पटकन बोलता आलं नाही.

कारण मीही हेच केलं होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत, आवळ्यांच्या बदल्यात. दहाही बोटं मागे वळवून दाखवायची, पायाचा अंगठा हाताने धरून जवळजवळ नडगीकडे आणायचा, कोपर उलटं करून दाखवायचं. मैत्रिणी दोन आवळे देत, कधी करवंदं. आजीने एकदा पाहिलं. ती म्हणाली, "गो बाय, देवान दिलेली बोटां ती. लोकांका मोडून दाखवची नसतत." आजीच्या हाताकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. आता डोळ्यासमोर आणते तेव्हा दिसतं, तिचीही बोटं अशीच होती. पानाला चुना लावताना तिची तर्जनी मधल्या सांध्यात मागे झुकायची आणि टोक खाली पडायचं. आम्ही म्हणायचो, आजीची बोटं म्हातारपणाने वाकली. तिच्या तरुणपणी कोणी विचारलंच नसेल.

माझ्या बोटांचा आकार नीट लिहून ठेवते, लेकीला पुढे उपयोग होईल. हात सरळ केला की मधला सांधा मागे कलतो आणि नखाजवळचा सांधा पुढे वाकतो. शेताच्या मेरेवर उभ्या बगळ्याची मान असते तसा बाक. डॉक्टर त्याला हंसाची मान म्हणतात. आमच्याकडे हंस नाहीत, बगळे आहेत, म्हणून माझ्यासाठी ती बगळ्याचीच मान. अंगठ्याचा बुंधा बाहेर आलेला. दोन्ही करंगळ्या आतल्या बाजूला कललेल्या. पायाची दुसरी बोटं अंगठ्यापेक्षा लांब, आणि उजव्या पायाचं तर अंगठ्यावर चढून बसतं. बसले असताना तळव्याला छान कमान दिसते. उभी राहिले की ती जमिनीत विरघळते आणि पाचही बोटं पसरतात. ओल्या वाळूत माझं पाऊल उमटतं ते सबंध, मध्ये पोकळी न राहता.

या बोटांनी मला खूप ऐकायला लावलं. पहिली-दुसरीत पेन्सिल इतकी दाबून धरायचे की कागद फाटायचा. दाबलं नाही तर बोट कुठे आहे तेच कळायचं नाही. सैल सांध्यांकडून मेंदूला अवयवाच्या जागेचा निरोप नीट पोचत नाही, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं. तेव्हा फक्त "अक्षर गचाळ, हात आळशी" एवढंच कळलं होतं. आवणात, म्हणजे भातलावणीत, तरवा काढताना मूठभर रोपं धरून ओढली की अंगठा जागेवरून सरकायचा, मी गप्पपणे तो परत बसवायचे आणि बाकीच्या बायांच्या दोन मुठी मागे पडायचे. चिखलातून पाय उपसताना बोटं मागे राहिल्यासारखी वाटायची. "हिच्या हाताक जोर नाय" हे वाक्य मी वाडीत इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं.

आणि बघायला आलेले पाहुणे. एका घरच्या बाईंनी मला चालून दाखवायला सांगितलं आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या. दुसरं बोट लांब म्हणजे नवऱ्यावर हुकूम चालवणार, असा समज आहे ना. शिवाय चढलेलं बोट. नकार आला तेव्हा कारण कोणी सांगितलं नाही, पण मी त्यानंतर कित्येक वर्षं पाय साडीखाली ओढून बसत होते. ह्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा जोडवी सांध्यावरून पुढेच जाईनात. सोनाराने ती कापून उघडी केली आणि घालून अलगद दाबली. ह्यांनी तेव्हा विचारलं, "दुखतं का?" पायाच्या त्या बोटाबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी हे विचारलं होतं.

उशीर झाला. पहाटे माटवीचं, गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीचं, सामान बांधायचं आहे.

तृतीया, हरतालिका

उपास. कवंडळं, हरणं, तेरडा, नारळ, सुपारीचे घोस, सगळं सुतळीने माटवीला टांगून झालं. गाठी मी मारल्या नाहीत. नारळाच्या वजनाने सुतळी ताणली की बोट मधल्या सांध्यात मागे जाऊन अडकतं आणि दुसऱ्या हाताने दाबून सोडवावं लागतं. मी खाली उभी राहून वस्तू वर देत होते, दीर गाठी मारत होते. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी हट्टाने सगळं स्वतः करायचे आणि चतुर्थीला हात सुजवून बसायचे.

चार वर्षांपूर्वी काय झालं ते लिहिते, कारण लेक आज दुपारी त्याबद्दलच विचारत होती.

गावातल्या सगळ्यांनी वात ठरवून टाकला होता. तेल, लेप, शेक, सगळं झालं. शेवटी गोव्याला जाऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं, कारण आमवातातही बोटांना अगदी असाच बाक येतो. त्यात काही निघालं नाही. सांधे सकाळी तास तास आखडत नव्हते, गरम लागत नव्हते, आणि वाकडं बोट हाताने सहज सरळ होत होतं. मग त्यांनी मला उभं करून एकेक हालचाल करायला लावली. करंगळ्या मागे काटकोनापलीकडे जातात का, अंगठे मनगटाला लागतात का, कोपरं आणि गुडघे दहा अंशांहून जास्त उलटे जातात का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का. पहिल्या चार हालचालींना दोन्ही बाजूंचा एकेक आणि शेवटच्या वाकण्याला एक, असे एकूण 9 गुण. बायटन यांची मोजणी म्हणतात तिला. माझ्या वयाला 5 पुरे होते, मला 8 पडले. शाळेत आवळ्यांसाठी केलेलं सगळं तिथे ओळीने आलं होतं, आणि त्या खोलीत कोणी हसत नव्हतं.

सांध्याला बांधून ठेवणारे पट्टे ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात, त्याची वीण आमच्यात सैल असते, असं त्यांनी सांगितलं. असं बरेचदा एकाच घरात आईकडून, बापाकडून मुलांत उतरतं. नुसते सांधे लवचीक असणं हा आजार नव्हे, कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. दुखणं, निखळणं, थकवा असेल तेव्हा त्याला नाव लागतं. या कुळातल्या एहलर्स-डॅनलॉस आजाराचे 2017 च्या वर्गीकरणात 13 प्रकार मांडले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची जनुकं सापडलीत, पण सैल सांध्यांच्या प्रकाराचं अजून नाही, म्हणून तो रक्ताच्या चाचणीत दिसत नाही, हात लावून तपासावा लागतो. माझं दुखणं त्याच्या कडेला बसतं, पूर्ण त्यात नाही. मी त्यांना आजीच्या तर्जनीबद्दल सांगितलं. सांगताना रडले. इतक्या वर्षांत "जोर नाय" म्हणणाऱ्यांसमोर कधी रडले नव्हते.

त्यांनी दिलेल्या कामांतलं एक मला फार उलटं वाटलं होतं: ताण देऊ नका. मी तर दुखलं की बोटं मोडायची, मागे ओढायची, क्षणभर बरं वाटायचं. आता सांध्याभोवतीच्या स्नायूंना बळ आणायचं. मऊ गोळा दाबायचा, पण बोट गोल राहील असा. जमिनीवर पंचा पसरून पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे ओढायचा. अंगठ्याची स्लिपर बंद, कारण ती पायात राहावी म्हणून बोटं दिवसभर आवळलेली राहतात. मागे पट्टा असलेली चप्पल घ्यायची. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं तेव्हा या चपलेने मला किती वेळा सावरलंय! आधी पाणंदीने उतरताना मी भिंत धरून चालायचे.

आणि आठाच्या आकड्यासारखी वळी. बोटात घातली की मधला सांधा मागे जात नाही, पुढे मात्र पूर्ण वाकतो. प्लास्टिकची मिळाली होती. ती दाखवून मालवणच्या बाजारात सोनाराकडून चांदीची चार करून घेतली. खाऱ्या हवेत काळी पडतात, रांगोळीने घासते. बायका विचारतात, नवी फॅशन काय गो? मी आता सांगते, सांध्याला आधार आहे. पूर्वी हसून हात मागे घेतला असता.

लेकीचे गुण डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच मोजले होते. 7. लहान मुलांत 6 धरतात, कारण पोरं मुळातच लवचीक असतात. तिला अजून काही दुखत नव्हतं म्हणून मी तिला फारसं सांगितलं नाही. ती चूक झाली. कालची करंगळी माझ्या गप्प बसण्याने सुजली.

आज तिला दोन्ही हात शेजारी ठेवून दाखवलं, माझा आणि तिचा. "तुझ्या आजीच्या आईचंपण असंच?" तिने विचारलं. माहीत नाही म्हटलं. बायकांच्या हातांचे फोटो कोण काढून ठेवतं?

चतुर्थी, रात्री

गणपती बसले. एकवीस मोदक झाले, त्यांतले नऊ लेकीचे.

मोदकाबद्दल लिहायचंच आहे. सासूबाई नवीन लग्न झाल्यावर मला शिकवत होत्या तेव्हा माझ्या पाऱ्या फाटायच्या. कळी काढायची म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी उकड चिमटायची. माझ्या तर्जनीचं टोक दाबलं की मागे दुमडतं, चिमटीत जोरच येत नाही, मग मी जास्त दाबायचे आणि पारीला भोक. दोन वर्षं मी मोदक वळायच्या वेळी पुरण हलवायला बसायचे. एका चतुर्थीला घरात कोणी नसताना सापडलं: टोकं वापरायचीच नाहीत. तर्जनी वाकवून तिची कूस पुढे करायची, पारी त्या कुशीत टेकवायची आणि अंगठ्याच्या बाजूने वरून खाली ओढायचं. कळी जरा रुंद येते, पण वाफेत उघडत नाही. हळदीच्या पानावर माझे मोदक सासूबाईंच्या मोदकांशेजारी ठेवले की ओळखू येतात. सासूबाई म्हणतात, तुझो मोदक म्हणजे कमळ.

आज लेकीला तीच कूस शिकवली. तिच्या करंगळीला पट्टी होती, तरी जमलं. बोटाला तेल लावून ती इतकी मन लावून वळत होती की जिभेचं टोक बाहेर आलं होतं. मुंबईचा भाचा, ज्याने करंगळी रेटली होती तो, शेजारी बसून सारण भरून देत होता. मध्येच त्याने स्वतःची करंगळी मागे नेऊन पाहिली. अर्ध्यातच थांबली. "मला इथेच दुखतं," तो म्हणाला. "मला दुखत नाही तरी थांबायचं असतं," लेक म्हणाली. हे मी तिला अगदी याच शब्दांत सांगितलं नव्हतं.

आरतीनंतर बायका फुगडीला आल्या. फुगडी हा माझा जीव. लहानपणी रात्रभर घालायचे. पण हात गुंफून, बोटांत बोटं अडकवून मागे झुकलं की सगळं वजन बोटांच्या सांध्यांवर येतं, म्हणून गेली काही वर्षं कोपऱ्यात उभी राहून नुसती गाणी म्हणत होते. आज खालच्या वाडीतली काकी समोर आली. सत्तरीची बाई. माझ्या वळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोटां नको, हयसून धरतंय," आणि तिने माझी मनगटं वरून पक्की धरली. मी तिची धरली. चार फेरे घातले, हळू, मागे न झुकता. पायातली दहाही बोटं शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरली होती, आणि मी पदराने पाय झाकले नव्हते.

गुडघे दुखतायत थोडे. कोमट पाण्यात पाय घालून हे लिहिते आहे. उद्या ऋषिपंचमी. अळू, भेंडी, माठ, कणसं, सगळं पडवीत पडलंय. लेक भाजी निवडायला बसते म्हणाली. तिला विळी नको, अळूची देठं सोलायला देईन.