४५ डिग्रीतून थेट बर्फात

मे महिन्यात सावद्याहून निघालो तेव्हा आमच्याकडे ४५ डिग्री, केळीची पानं पार करपलेली, आणि शेजारचे काका म्हणे एवढ्या लांब बर्फ पाहायला चालला? गोळेवाल्याकडे जा ना भो! मुलगा सिएटलला आहे, त्यानेच अलास्काच्या क्रूझचं बुकिंग करून ठेवलेलं. जहाजावर खायला भरपूर, पण तिखटाचा पत्ता नाही आणि केळी तर हिरवीगार, हिने एक हातात घेऊन दाबून पाहिलं, परत ठेवलं आणि पर्समधून वेफर्सचं पाकीट काढलं.

खरा दिवस ग्लेशियर बेचा, म्हणजे अलास्कातल्या नॅशनल पार्कमधल्या हिमनद्यांच्या खाडीचा. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माईकवर माहिती सांगतात. १७९४ ला इंग्रज कप्तान व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ सगळी बर्फाखालीच होती, आता बर्फ शंभरेक किलोमीटर मागे गेलाय, म्हणजे आपलं जळगाव-धुळे धरा. वाटेत पाणमांजरं दिसली, पाण्यावर उताणी पडून आरामात चाललेली.

मग मार्जरी ग्लेशियर. पाण्याच्या वर पंच्याहत्तर मीटरची भिंत, दीड किलोमीटर रुंद, आणि मधेमधे असा निळा की धुण्यात नीळ जास्त पडावी तसा. दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ लाल रंग शोषून घेतो, म्हणून निळा दिसतो. आम्ही पहाटे पाचपासून रेलिंग धरून, आणि तिथे पोचल्यावर कॅप्टनने जहाजच हळूहळू गोल फिरवलं, म्हणजे उशिरा उठलेल्यांनाही तेवढंच दिसलं!

तेवढ्यात भिंतीचा एक तुकडा सुटला. आवाजच नाही. पाणी उडालं, आणि मग धडाम! वडील विहिरीला सुरुंग लावायचे तेव्हा आम्हाला बांधामागे बसवायचे, तिथेही आधी दगड उडताना दिसायचे आणि आवाज मागून यायचा, तस्संच. तिथले त्लिंगिट लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात. हिच्या तोंडून फक्त "माय वो!"

परतताना हंपबॅक व्हेलने शेपूट दाखवलं. हिवाळ्यात हवाईला जातात, तिथे जवळपास उपाशी राहतात आणि उन्हाळ्यात इथे येऊन पोट भरतात. माझ्या मोबाईलात मात्र नुसतं पाणी आलंय.

घरी आल्यावर ओट्यावर काकांना व्हिडिओ दाखवला. तुकडा पडला, काका म्हणे आवाज बंद आहे का रे भो? म्हटलं थांबा, येतोय.