तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं घर पाडायचं तर सुरुवात कुठून करायची?

गणपतीला, शिमग्याला गावी आलेली माणसं आमचं नवं घर बघायला येतात, ओटीवर टेकतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "आमचंही पाडून बांधायचंय. आधी काय करायचं? नकाशा काढायचा की ठेकेदार बघायचा?" कोकणात, संगमेश्वर तालुक्यातलं आमचं पणजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर उतरवून त्याच जागेवर आम्ही नवं बांधलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी सांगतो, नकाशा आणि ठेकेदार राहू देत. आधी जमिनीचा सातबारा उतारा काढा आणि त्यावरची नावं घरात सगळ्यांसमोर वाचा.

आमच्या भागात कित्येक मूळ घरांखालच्या जमिनीवर अजून आजा-पणजाचीच नावं असतात. घरपट्टी भरतो म्हणजे घर आपलं, असं आपण धरून चालतो. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करा. त्यानंतर फेरफार म्हणजे नोंदीतला बदल, हितसंबंधितांना नोटिसा, हरकतीची मुदत, हे सगळं आपल्या गतीनं चालतं. आणि वारस म्हणजे फक्त काका आणि चुलतभाऊ नव्हेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. लग्न होऊन गेलेल्या आत्याकडे आणि बहिणीकडे कागद सरकवून "इथं एक सही कर गं" असं म्हणू नका. बांधायला संमती देणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. हक्कसोडपत्र नोंदणी करूनच करायचं असतं, आणि ते करायचं की नाही हे तिनं समजून ठरवायचं असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माहेरच्या घरात आपण मोजलेच गेलो नाही, ही सल घेऊन ज्या बायका नव्या घराच्या वास्तुशांतीला आलेल्या मी पाहिल्यात, त्या जेवल्यासुद्धा नाहीत.

आमच्याकडे ही बोलणी गणपतीतच झाली, कारण मुंबई, पुणे, बडोदा सगळीकडचे तेव्हाच एका छपराखाली असतात. पैशांवरून वाद होईल म्हणून मी तयारीत होतो. पण मोठ्या आत्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "पाडलंत तर पुढच्या वर्षी गणपती कुठं बसणार?" सगळे गप्प झाले. मूळ घरातला गणपती हा सगळ्या भाऊबंदांचा असतो, त्याची भिंत ठरलेली असते, वर टांगायची माटवी, म्हणजे फळापानांनी सजवायची लाकडी चौकट, ठरलेली असते. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी धाकटे काका म्हणाले, "माझ्या पडवीत बसवू. माटवी मात्र आपलीच बांधायची." माटवीची लाकडी चौकट त्यांच्याकडे नेऊन ठेवायचं ठरलं, आणि त्यानंतर खर्चाची वाटणी, खोल्या किती, कोणाला कुठली, हे दोन बैठकांत मिटलं. तुमच्याकडे गणपतीऐवजी दुसरं काही असेल, एखादी समाधी, तुळशीवृंदावन, आजीची खोली. ते आधी विचारून घ्या. देव हलवायच्या वेळी गुरवाकडून रीतसर गाऱ्हाणं, म्हणजे देवाला विनवणी, घालून घेतलं. ज्यांची श्रद्धा नाही अशी आमच्यातली मुलंही त्या वेळी हात जोडून उभी होती.

दुसरं काम सरकारी मोजणीचं. जुन्या घराची भिंत हीच बऱ्याचदा हद्द असते. ती एकदा पाडली की शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुठं संपतो, तुमची पागोळी कुठं पडायची, पायवाट कोणाची, या सगळ्याला साक्षीदार उरत नाही. म्हणून भिंती उभ्या असतानाच भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्या, शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा आणि घराचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. घर गावठाणात असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली आहे का, तेही बघा. विजेचं मीटर आजोबांच्या नावावर असेल तर पाडण्याआधीच ते आपल्या नावावर करून घ्या.

आता पाडायचंच का, हा प्रश्न. हा तुम्ही कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. वाशांना, रिपांना वाळवी लागली असेल पण भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतील, तर नुसतं छप्पर बदलून घर आणखी एक पिढी सुखानं उभं राहतं. आमच्या घराची गोष्ट वेगळी होती. चिऱ्यांच्या सांध्यांत मातीच भरलेली. वर्षानुवर्षं गळून ती माती धुऊन गेली आणि पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलं. माजघरात एक तिरका तडा होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पडलेला, असं वडील सांगायचे. अशा भिंतीवर खर्च करण्यात अर्थ नव्हता. नव्या घरात मी एका गोष्टीवर अडून बसलो. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली, भिंतीभोवती फिरणारे सळई घातलेले काँक्रीटचे पट्टे हवेतच. घर हललं तर भिंती एकमेकींना धरून ठेवतात त्या या पट्ट्यांमुळे.

जेसीबी एका सकाळीत घर भुईसपाट करतो. तुम्ही तो बोलावू नका. चढत्या क्रमानं बांधलेलं घर उतरत्या क्रमानं सोडवायचं: आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, भाल (तुळई), मग दारांच्या चौकटी आणि शेवटी चिरा. मातीत बसवलेला चिरा पहारीच्या हलक्या ढोसणीनं अख्खा सुटतो. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून टणक होत जातो, त्यामुळे भिंतीतला न झिजलेला जुना चिरा टाकून देण्याजोगा मुळीच नसतो. आमचे निम्म्याहून जास्त चिरे गडग्याला आणि अंगणाच्या पायऱ्यांना लागले. कौलं उतरवताना भाच्यानं एकाच्या पाठीवरची माती अंगठ्यानं पुसली तर खाली ठसा निघाला, बासल मिशन, मंगलोर. स्वित्झर्लंडच्या त्या ख्रिस्ती मिशननं १८६५ साली तिथं कौलांचा कारखाना काढला होता. आमच्या पडवीवर तिथलीच कौलं पाऊस झेलत होती आणि आमच्या कोणाच्या गावीही नव्हतं.

घर सोडवण्याआधीच्या पावसाळ्यात एक काम जरूर करा. टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा, आणि भर पावसात घरात बसून बघा की झड कुठून येते, ओल कुठं चढते, ओटीवर पाणी कुठवर येतं. जोतं इतकं उंच का, पश्चिमेला खिडक्या लहान का, छपराचं पाखं भिंतीच्या एवढं पुढं का, याची उत्तरं तेव्हा मिळतात. आमच्या तरुण इंजिनिअरनं सपाट स्लॅबचा नकाशा आणला होता. ती मापं त्याच्यासमोर ठेवली, जुलैतला व्हिडिओ दाखवला. त्यानं समजून घेतलं आणि उतरतं छप्पर काढलं. गावात स्लॅब टाकून दोन-चार वर्षांत त्यावर पत्र्याची शेड घालणारी घरं तुम्हीही बघता. मग आधीच कौलारू का नको?

वेळेचं गणित पाण्यावर बसवा. दिवाळीनंतर घर उतरवायचं, कार्तिक-मार्गशीर्षात पाया, आणि पाया भरतानाच मातीला वाळवीचं औषध, कारण नंतर ते नीट पोचत नाही. काँक्रीटचं जे काही काम असेल ते फाल्गुनाच्या आत उरका. काँक्रीट किमान सात ते दहा दिवस सतत ओलं राहायला हवं, आणि वैशाखात आपल्या विहिरींना प्यायचं पाणी पुरायची मारामार. टँकरच्या भरवशावर धरलेलं पाणी पुरत नाही, मग काँक्रीट कच्चं राहतं, तडकतं. मृग लागण्याआधी डोक्यावर छप्पर हवं. खोल्यांच्या फरश्या, रंग पुढच्या वर्षी केले तरी बिघडत नाही.

आणि सुतार आधी गाठा. जुनी भाल, चौकटी ठोकून बघून कुठलं लाकूड पुन्हा वापरायचं, कुठलं पोखरलंय, हे त्यालाच कळतं. आमच्या चौकटी किंजळीच्या निघाल्या, वरचा भाग ठणठणीत, खालचे वीतभर कुजलेले. त्यानं तेवढाच तुकडा कापून नवा सांधा मारला. असे हात आता गावागणिक एक-दोनच उरलेत आणि दिवाळीनंतर ते कोणालाच मोकळे सापडत नाहीत. गणपतीत गावी याल तेव्हाच त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि विसार, म्हणजे थोडे आगाऊ पैसे, देऊन या.