आधी श्रोता, मग स्लाइड

आज दिवसभर सादरीकरणांचे मसुदे तपासले. बहुतेकांची सुरुवात ‘मला काय सांगायचंय’ इथून होते आणि गाडी तिथेच घसरते. डिझाइन थिंकिंगची, म्हणजे समोरच्याच्या गरजेपासून सुरुवात करून उपाय शोधण्याच्या पद्धतीची, पहिली पायरी समजून घेण्याची आहे, लिहिण्याची नव्हे.

ज्यांच्यासमोर बोलायचंय, त्यांच्यातल्या ४-५ जणांशी प्रत्येकी २० मिनिटं बोला. ‘हे आवडेल का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा नेमकं काय केलंत?’ असं विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपा. मथळ्यासाठी याहून चांगला माल मिळत नाही. मग एकच वाक्य लिहा : अमक्याला अमुक हवंय, कारण तमुक. ‘कारण’पाशी पेन अडलं तर अजून ऐकायची गरज आहे.

पहिला मसुदा कागदावर, कच्चाच ठेवा. देखणी स्लाइड दाखवली की लोक रंगांवर बोलतात, आशयावर नाही. वाचायला द्या, मध्ये अजिबात समजावू नका, नंतर ‘यातून काय कळलं?’ एवढंच विचारा. पाचातले तिघे एकाच ओळीवर अडखळले तर दोष ओळीचा. ती बदलून नव्या माणसाला दाखवा, कारण जुन्याला अर्थ आधीच ठाऊक झालेला असतो.