विलेमस्टॅडचा पूल आणि ह्यांचं घड्याळ

मुलाने क्रूझचं तिकीट काढलं तेव्हापासून माझ्या मनात एकच धाकधूक होती. बंदरावर उतरलो आणि जहाज आपल्याला टाकून निघून गेलं तर? ह्यांनी ती हसण्यावारी नेली. ‘मांडव्याची शेवटची लाँच आहे का ती, चुकली की रात्र धक्क्यावर?’

जानेवारीत फ्लोरिडाहून निघालेलं आमचं जहाज चौथ्या दिवशी क्युरासाओला लागलं. बेट डच राज्यातलं, पण व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जेमतेम 65 किलोमीटर. मुलगा-सून नातीला घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जाणार होते. आम्ही दोघांनी विलेमस्टॅड शहर पायी बघायचं ठरवलं.

उतरण्याचा सोपस्कार अगदीच किरकोळ निघाला. दारात जहाजाचं कार्ड मशीनला दाखवायचं, ते ‘टिंग’ करतं, पडद्यावर आपला फोटो उमटतो, झालं. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत आणि पर्समध्ये त्याची झेरॉक्स. खरी खटपट आधीची असते. आमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री होता, तरी मुलाने प्रत्येक बेटाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागवून घेतला होता. भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे करावंच. आणि व्हिसा एकाच एंट्रीचा असेल तर परत अमेरिकेत शिरता येईल का, ते पैसे भरण्याआधी विचारावं.

आदल्या रात्री खोलीत कागद आला होता: जहाज फ्लोरिडाच्याच वेळेवर चालेल, साडेचारला सर्वांनी परत यावं, फोनमधल्या वेळेवर विसंबू नये. हा कागद मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला होता, हे आधीच कबूल करते.

धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की खाडी लागते. अलीकडची वस्ती ओत्रोबंदा, म्हणजे ‘दुसरी बाजू’, आणि पलीकडची पुंडा. पुंडाच्या काठावर पिवळ्या, निळ्या, शेंदरी डच घरांची ओळ, कॅलेंडरवर असते तशी. मधे क्वीन एम्मा पूल, 1888 सालचा. हा पूल खांबांवर उभा नाही, सोळा तराफ्यांवर तरंगतो. ओत्रोबंदाच्या टोकाला बिजागरी आणि पुंडाच्या टोकाला इंजिनाची खोली. जहाज आलं की घंटा होते, दोन्हीकडची फाटकं लागतात आणि अख्खा पूल दार उघडावं तसा बाजूला सरकतो. नारिंगी झेंडा असला तर थोडा वेळ, निळा असला तर बराच वेळ. पूल उघडा असताना पलीकडे न्यायला फुकट फेरीबोट असते.

चालताना पायाखाली फळ्या किंचित हलतात. वारा असा की ह्यांनी टोपी काढून काखेत धरली. कठड्याशी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी आपण होऊन इंग्रजीत गोष्ट सांगितली. पूर्वी म्हणे इथे टोल होता, पण तो फक्त जोडे घालणाऱ्यांना. अनवाणी माणसाला माफ. मग गरीब लोक लाजेखातर कुणाचे तरी जोडे मागून आणायचे आणि पैसे भरायचे, अन् श्रीमंत हातात जोडे घेऊन फुकट जायचे! सांगता सांगता त्यांनी ह्यांच्या बुटांकडे बोट केलं आणि त्यांच्या पापियामेंतू भाषेत म्हणाल्या, ‘सपातू.’ मी चमकलेच. आमची आजी घरात सपाता घालायची. पोर्तुगीज माणूस चौलला आला काय आणि इथे आला काय, जोडे दोन्हीकडे ठेवून गेला.

पुंडात मला बघायचं होतं ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. अलिबागला इस्रायल आळीशेजारी बालपण गेलेलं, शनवार तेल्यांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, मुली माझ्या वर्गात होत्या, त्यामुळे माझ्यासाठी हे ठिकाण परकं नव्हतं. ही इमारत 1732 सालची. तिकीट काढलं, ह्यांना डोक्यावर ठेवायला छोटी टोपी मिळाली, आणि आत पाऊल टाकलं तर जमिनीवर वाळू! फरशीवर नीट पसरलेली, पांढरी, बारीक. कुणी म्हणतं, ही सिनाईच्या वाळवंटाची आठवण. कुणी म्हणतं, पोर्तुगाल-स्पेनमध्ये लपूनछपून प्रार्थना करावी लागे तेव्हा पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू घालत, ती चाल इथे आली. मला दुसरं कारण पटलं, कारण खरोखरच पाऊल वाजत नव्हतं. वर पितळी झुंबरं, गडद लाकडाची बाकं, आणि वीस-पंचवीस माणसं असून चिडीचूप. इतका वेळ मी कुठल्या देवळातसुद्धा गप्प बसले नसेन.

जेवलो प्लासा बिऊत, म्हणजे जुन्या बाजारात. लांबच लांब बाकं, पुढे मोठाली पातेली आणि त्यामागे घाम पुसणाऱ्या बायका. मी तळलेला मासा आणि फुंची घेतली. फुंची म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, फक्त फोडणीवाचून. ह्यांनी भेंडीचं सूप मागवलं आणि चमचा उचलल्यावर तार निघाली तेव्हा माझ्याकडे पाहिलं. पैसे डॉलरमध्ये चालतात, पण सुटे परत येतात ते गिल्डरमध्ये, एका डॉलरला साधारण पावणेदोन. म्हणून लहान नोटा न्याव्यात.

माशाचा फोटो सुनेला पाठवावा म्हणून सकाळपासून विमान मोडवर ठेवलेला फोन मी चालू केला. माझी चूक ती इथे झाली. त्यानंतर एका सिंधी दुकानदाराशी हिंदीत गप्पा झाल्या (ह्यांची मावशी उल्हासनगरला, मग काय), बाहेर आले, फोन पाहिला तर चार वाजून पाच मिनिटं!

‘अहो, चला!’

‘तीन वाजून पाच झालेत,’ हे म्हणाले. मनगटावर चाळीस वर्षांपूर्वीचं एचएमटी.

‘तुमचं बंद पडलं असेल. चावी दिली होती का?’

‘सकाळीच दिलीय.’

मी ऐकते कुठली! तरातरा पुलाकडे निघाले. पोचतो तर घंटा घणघणली, फाटक लागलं आणि वर चढला निळा झेंडा. एक भलंमोठं मालवाहू जहाज रमतगमत आत येत होतं. बाकीचे लोक मजेत व्हिडिओ काढत होते. मी एकीकडे रामरक्षा म्हणत होते, दुसरीकडे मनात जहाजाची शिडी उचलली जात होती. फेरीबोटीच्या रांगेत मी काय काय केलं ते लिहीत नाही, एवढंच की एका डच जोडप्याने आम्हाला पुढे जाऊ दिलं. पलीकडे उतरल्यावर जुन्या किल्ल्याच्या भिंतीला लागून, गुडघे विसरून, धक्क्यापर्यंत जवळजवळ पळालेच.

दारातल्या सुरक्षारक्षकाने आमची कार्डं बघितली, माझ्याकडे बघितलं, मग पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याच्यामागच्या भिंतीवर जहाजाचं घड्याळ होतं. तीन पस्तीस. फोन चालू करताच त्याने बेटाची वेळ पकडली होती, फ्लोरिडाच्या एक तास पुढची.

मी बाकावर बसले. हे शेजारी येऊन बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि सकाळी दिलेली असूनही, मला दिसेल असा हात पुढे धरून, सावकाश घड्याळाला चावी दिली.