तिसऱ्या सकाळी बर्फ संपला: शिडाच्या बोटीवरचा आइसबॉक्स

पाच दिवसांची फेरी होती. पहिले दोन दिवस वारा छान, सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या सकाळी आइसबॉक्स उघडला तर २० किलो बर्फापैकी एक खडा शिल्लक नाही आणि दुधाला वास सुटलेला. उरलेले तीन दिवस कोरड्या शिध्यावर काढले.

बोट घेताना आधीच्या मालकाने आइसबॉक्सच्या भिंतींबद्दल छातीठोकपणे सांगितलं होतं, "सगळीकडून चार इंच फोम आहे." परतल्यावर भिंतींना भोकं पाडली, तार घालून मोजलं. हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या बाजूला जेमतेम दोन इंच, तोही चिंब ओला. इंजिनकडच्या भिंतीत नुसती पोकळी! माझा संताप अजून उतरलेला नाही. जुनी बोट घेत असाल तर शब्दावर जाऊ नका, भोक पाडून बघा.

हिशेब साधा आहे. किलोभर बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. आतून सगळ्या भिंती मिळून दीड चौरस मीटरची पेटी, आतबाहेर २८ अंशांचा फरक आणि ५ सेंमी कोरडा फोम धरला, तरी दिवसाला साडेसहा किलो बर्फ नुसता भिंतींपायी जातो. १० सेंमी केला की निम्मा. फोम ओला असेल तर हे आकडे विसरा.

वरचा ओटा काढून सडका फोम खरवडला. दोन दिवस गेले, पाठ धरली. मग एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिनचे, म्हणजे कडक फोमचे तक्ते दोन थरांत बसवले, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूने ओल अडवणारा थर हवाच. पेटी आतून लहान झाली, त्याला इलाज नाही. हलच्या वळणात ओतायचा फोम वापरलात तर थोडा थोडा ओता आणि आतून टेकू द्या. एकदम ओतला तर फुगून भिंत वाकवतो. चमकदार फॉइल दोन थरांत दाबून बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, तिच्यासमोर हवेची फट लागते.

पण खरा चोर निघाली निचऱ्याची नळी. ती थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत उघडी होती! गार हवा जड, रात्रंदिवस तिथून खाली सांडत होती. बाकी काही जमलं नाही तरी नळीला यू आकाराचं वळण द्या, त्यात पाणी साचून वाट बंद होते. नाहीतर झडप बसवा. झाकणाखाली कागदाची पट्टी धरून बघा. सहज निसटली तर रबर बदला.

पुढची फेरी मुद्दाम सहा दिवसांची केली. पेटी आदल्या रात्री गार करून घेतली, तेवढाच २० किलो बर्फ, पण मोठ्या लाद्यांचा. सहाव्या सकाळी मुठीएवढा तुकडा उरला होता. तो हातात घेऊन मी डेकवर सगळ्यांना दाखवत फिरलो.