आठव्यासाठी पाऊण तास

आज आयव्हीएफ लॅबमध्ये इक्सीसाठी (एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडायचा, ते) शुक्राणू निवडत दोनपासून साडेचारपर्यंत एकाच डिशवर बसून होते, मान अजून धरलीये पण झोपायच्या आधी लिहूनच टाकते. एमटू, म्हणजे पूर्ण पिकलेली अंडी आठ होती, म्हणजे शुक्राणूपण आठच हवे होते. एरवी हे काम किती पटकन होतं, पण या सॅम्पलचा काउंट एमएलला १० लाखाच्याही खाली (डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे), आणि त्यातले हलणारे अगदी मोजके.

लोकांना वाटतं मशीन निवडतं. मशीन फक्त गाळून देतं, ट्यूबमध्ये घट्ट आणि पातळ असे दोन थर लावून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की चांगले जड शुक्राणू तळाला जातात, मेलेले आणि बाकीचा कचरा वरच अडकतो. पुढचं सगळं डोळ्याने. चिकट थेंबात ते हळू पोहतात, तेव्हा ४०० पट मोठं करून बघायचं, डोकं अंडाकृती आहे का, मान सरळ का, शेपटी गुंडाळलेली तर नाही ना. पसंत पडला की सुईने शेपटी दाबून थांबवायचा आणि शेपटीकडूनच आत ओढायचा. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये इक्सीने राहिलेले गर्भ जाहीर केले, तेव्हापासून निवडायची मूळ पद्धत हीच.

पण मला दिसतो तो फक्त आकार. आतला डीएनए तुटलाय का ते दिसत नाही, आणि ज्या शुक्राणूची ती टेस्ट करावी तो नंतर वापरता येत नाही. म्हणून तर पिक्सी, मॅक्स, चिप हे शुक्राणू निवडायचे नवे प्रकार आले. पिक्सीत डिशवर हायलुरोनन असतं, परिपक्व शुक्राणू त्याला चिकटतो. मॅक्समध्ये मरणाला लागलेले शुक्राणू चुंबकाने बाजूला काढतात. डोकं लावून केलेल्या गोष्टी आहेत या, मला मनापासून आवडतात. तरी इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या २७७२ जोडप्यांवर पिक्सीची ट्रायल झाली, २०१९ ला लॅन्सेटमध्ये आली, त्यात पूर्ण दिवसांचं बाळ झालं २७.४ टक्क्यांना आणि साध्या इक्सीत २५.२, म्हणजे ठाम फरक नाहीच. गर्भपात मात्र कमी दिसले, ४.३ विरुद्ध ७. ज्यांचा गर्भ वारंवार पडतोय त्यांच्याशी मी हे बोलते, सगळ्यांच्या बिलात लावायचं मला पटत नाही.

आजचे दादा बीडकडचे. आधीच्या एका सेंटरवर त्यांना चिपचं पॅकेज सांगितलेलं, त्यासाठी सोसायटीचं कर्ज उचललंय. सकाळी कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "ताई, चिप लावाच, पैशाचं मी बघतो." त्यांना बाजूला बसवून सांगितलं, दादा, चिपमधून शुक्राणूंनी स्वतः पोहून पलीकडे यायचं असतं, तुमच्या सॅम्पलमध्ये तेवढे पोहणारेच नाहीत, उलट होते तेही हातचे जातील. बराच वेळ हातातल्या फाईलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तुम्हीच नीट बघून घ्या."

त्यांच्या आईने हळूच विचारलं, बाई, मुलाचं बीज वेगळं काढता येतं ना? स्पष्ट सांगितलं, आजी, गर्भ राहायच्या आधी मुलगा-मुलगी निवडणं हासुद्धा कायद्याने गुन्हाच आहे, इथे होणार नाही. त्या गप्प झाल्या, सुनेने मात्र माझा हात धरला.

सात मिळाले. आठवा मिळेना. थेंबाच्या कडेकडेने फिरत होते, हलणारे बहुतेक कडेलाच सापडतात, पाऊण तास नुसता कचरा, आणि मग एका पेशीच्या मागे शेपटी जराशी थरथरली. डोकं अगदी नीट, मान सरळ. तो उचलताना मी श्वास रोखून धरला होता हे नंतर कळलं.

उद्या साडेआठला चेक आहे. अंड्यात दोन प्रोन्युक्लिआय (अंड्याचं आणि शुक्राणूचं केंद्रक, म्हणजे फलन झाल्याची खूण) दिसले की पहिला फोन दादांना.